भाकरीवरचं चीज

काल मॉलमध्ये कुणीतरी चीजचं पाकीट उघडलं आणि त्या वासाने मी दोन पावलं मागे सरकले. कोलशेतच्या नव्या फ्लॅटमध्ये ऑफिसची मंडळी पहिल्यांदा जेवायला आलेली, तेव्हा हाच वास मी हौसेने घरात आणलेला. त्या सकाळी मी आईला बजावलं होतं, "आज सुकट भाजू नकोस, घरभर मासळीचा वास सुटतो." तांदळाच्या पातळ भाकऱ्या तेवढ्या थापून दिल्या तिने. त्यांवर मी बुरशीचं निळं, महागडं चीज कुस्करलं, कसलासा कडू विलायती पाला पसरला, नाशपतीच्या फोडी लावल्या आणि ओव्हनमध्ये सरकवलं. पाच मिनिटांत घरभर ओल्या मोज्यांचा वास. चीज तेल ओकत होतं, पाला शेवाळासारखा चिकटलेला, नाशपती बुळबुळीत. आईने नाकाला पदर लावला. "काय गो, याचा वास नाय येत?" पाहुण्यांसमोर मी पहिला घास घेतला, तो घशाशी आला, तरी "मस्त ना?" म्हणत गिळला. त्यांनीही माना डोलवत गिळला. आई आत बसून कोरडी भाकरी मिठाशी खात होती. अजूनही सुकट तव्यावर टाकण्याआधी ती मला विचारते, "आज कोन येनार नाय ना गो?"