मेलेला राक्षस परत दारात

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सुरतेच्या इंग्रजी शाळेतून घरी आले, की गावातल्या बायका मला जरा लांबूनच बघत. त्या वर्षी विसरवाडीच्या बाजारात तंबूतलं टॉकीज आलं आणि अचानक माझा उपयोग सापडला. चित्रपट इंग्रजी होता. कनातीच्या अलीकडे, बायकांच्या बाजूला मला मधोमध बसवलं.

माझ्या शेजारी काकांची थोरली मुलगी, आमची अक्का, होती. ती सासरहून दुसऱ्यांदा परत आली होती. पहिल्या वेळी नवऱ्यानं पाच माणसांसमोर काकांच्या पायांवर डोकं ठेवलं, चहा झाला, आणि तिला परत धाडलं. याही वेळी त्यानं तेच केलं होतं. सकाळच्या मोटारीनं तिला जायचं होतं.

पडद्यावर दलदलीतून एक खवल्यांचा प्राणी निघाला. तो वळला तशी पाठीवरची चेन दिसली.

"दर्जीनं शिवेल शे रे!" पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं. तंबू हसला.

मला त्या प्राण्याची भीती वाटली नाही. पडद्यावरच्या घरातली मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती, मी त्याला खिडकीत पाहिलं. कोट घातलेले पुरुष पाइप ओढत ऐकत होते.

"काय सांगी ऱ्हायनात त्या कोटवाला?" मागून एका म्हातारीनं विचारलं.

"म्हणतात, पोरगी घाबरली आहे. औषध देऊन झोपवा."

मी न अडखळता सांगत गेले. शेवटी त्यांनी प्राण्याला गोळ्या घातल्या, तो पाण्यात बुडाला. रीळ बदललं आणि तोच प्राणी पुन्हा दारात उभा. मशीनवाल्यानं शेवटचं रीळ आधी लावलं होतं. शिट्ट्या, आरडाओरडा सुरू झाला.

"मरी गया व्हता ना? परत कसा उना?" म्हातारी म्हणाली.

अक्का हसली नाही. "तो असाच येस," ती माझ्या कानाशी म्हणाली. मग माझा हात धरून तिनं पोलक्याखाली पाठीवर नेला. तिथली कातडी जाड, गुळगुळीत होती. उलथण्याच्या पात्याएवढा चटक्याचा वण.

"पहिली माफी मांगी, त्यानंतरनं शे हाई. बापूले पाठ कशी दाखाडू? तू सांग. तू शिकेल शे."

काकांना सांगते, म्हणून मी मान हलवली.

सकाळी काका ओट्यावर बसून दात घासत होते. मी तीनदा दारापर्यंत गेले. वाक्य तयार होतं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. आमच्या बोलीत ते तोंडात येईना. शेवटी त्यांनीच विचारलं,

"तुले काही बोलनी का ती?"

अक्का आत ट्रंक भरत होती. ट्रंकेचा आवाज थांबला.

"नही," मी म्हणाले.

काकांनी चूळ भरली. थोड्या वेळानं आत ट्रंकेची कडी लागली. मोटार आली तेव्हा ती खिडकीशी बसली आणि समोरच्या सीटकडे बघत राहिली.

दुपारी तंबूतली ती म्हातारी ताक मागायला आली. म्हणाली, "रीळ उलटंपालटं व्हयनं, मले काही समजनं नही. ती पोरनं शेवटले काय व्हयनं?"

मी सांगितलं. ज्यांनी तिचं ऐकलं नव्हतं, त्यांच्यातल्याच एकाबरोबर ती गेली.