दोन अस्वली आणि आमचे हे

आमच्या ह्यांच्या डोक्यावर एक केस नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला.

दुबईत अल बर्शातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक मराठी कुटुंब राहतं. नगरकडचं, आमच्यासारखंच ख्रिस्ती. आईवडील दोघंही नोकरीला, त्यामुळे धाकटा मुलगा पाळणाघरात, आणि सात वर्षांची लेक स्कूलबसमधून उतरली की थेट आमच्याकडे. आम्हाला मूलबाळ नाही. ह्यांची वेअरहाऊसची ड्यूटी पहाटेची, म्हणून तेही दुपारी घरीच असतात, आणि मग दोघांचा नुसता धुडगूस. ती ह्यांना तोंडावर 'टकलू अंकल, यल्ला' म्हणायची, यल्ला म्हणजे अरबीत चला, लवकर. मी म्हटलं, "अहो, जरा दटावा तिला." तर म्हणाले, "अगं, खोटं कुठे बोलतेय ती?"

रविवारी जबल अलीला चर्चच्या आवारात आमची मराठी उपासना असते. मल्याळी मंडळी हॉलमधून निघाली की आम्ही शिरतो, आणि आमचं आटपेपर्यंत तमिळ मंडळी दारात उभी. मुलांचा वर्ग हे घेतात, खालची पोरगीही त्याच वर्गात. धडे वर्षभराचे छापून येतात, त्यात आपली निवड काही चालत नाही. त्या रविवारी आला बायबलातल्या अलीशा संदेष्ट्याचा धडा. अलीशा बेथेलच्या वाटेने चाललाय, गावातली पोरं त्याच्या टकलावरून त्याला चिडवतात, तो देवाच्या नावाने त्यांना शाप देतो, आणि रानातून दोन अस्वली येऊन बेचाळीस पोरं फाडून टाकतात. संपला धडा. ह्यांनी तो होता तसा सांगितला.

सोमवारी तिची आई रजा घेऊन घरीच होती, तरी एरवी पोरगी वर येतेच; ती आलीच नाही. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला, आवाज रडवेला. "ताई, ती वर यायला तयारच नाही. म्हणते, मी अंकलना टकलू म्हटलंय, आता अस्वलं येणार. बस स्टॉपपासून घरापर्यंत पळत आली."

हे ऐकून ह्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. मला त्यांची फार दया आली. आणि राग आला तो त्या धड्याचा. एवढी गोड पोर आमच्या घरात येते, ती आता ह्यांना घाबरणार, आणि ते कशापायी?

ह्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला. पाळकसाहेब भला माणूस, अर्धा तास समजावत होते. ती लहान मुलं नव्हती, टवाळखोर तरुणांची टोळी होती. देवाच्या माणसाची थट्टा म्हणजे देवाचीच थट्टा. शिवाय तो काळच कठोर होता. फोन स्पीकरवर होता आणि मी भाकऱ्या थापत होते. काळ कठोर होता म्हणे. अस्वलांना काय काळ कळतो? ह्यांनी मात्र सगळे मुद्दे मन लावून ऐकले, आणि आम्ही दोघं खाली गेलो.

पोरगी सोफ्याच्या मागे उकिडवी बसली होती. हे जमिनीवर बसले, तिच्यापासून चांगले लांब.

"बेटा, दुबईत अस्वलं नसतात."

"मॉलमध्ये पेंग्विन आहेत," सोफ्याच्या मागून आवाज आला. ते खरंच होतं, जवळच्या मॉलमधल्या बर्फाच्या पार्कात आहेत.

मग ह्यांनी टोळीचा मुद्दा काढला. ती म्हणाली, "माय ब्रदर इज ऑल्सो नॉटी. त्याला पण बेअर खाणार?" मग देवाच्या माणसाची थट्टा. त्यावर ती एकदम रडायलाच लागली, कारण संडे स्कूलचे अंकल म्हणजे देवाचाच माणूस, हे आम्हीच तर तिला शिकवलेलं. तिची आई माझ्याकडे बघायला लागली. मी ह्यांना म्हटलं, "अहो, पाळकसाहेबांना ठेवा बाजूला. तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते सांगा ना."

ह्यांनी डोक्यावरून हात फिरवला. मंडळीतला वडील माणूस, वीस-पंचवीस मुलांचा वर्ग घेणारा. त्यांना हे बोलणं सोपं नव्हतं, मला दिसत होतं.

"मला तो धडा कळत नाही," ते म्हणाले. "मी खूप वेळा वाचलाय. अलीशा मोठा संदेष्टा होता, पण त्या दिवशी त्याने शाप द्यायला नको होता, असं मला वाटतं. मी तिथे असतो तर मुलांना घेऊन पळालो असतो."

"ऑल फॉर्टी टू?"

"सगळ्यांना. दोन फेऱ्या केल्या असत्या."

सोफ्याच्या मागून अर्धं तोंड बाहेर आलं. ती हळूच म्हणाली, "देन आय ॲम नॉट स्केअर्ड ऑफ यू, अंकल. पण बेअर्स तर गॉडने पाठवली ना? आय ॲम स्केअर्ड ऑफ हिम."

आता हे काय सांगणार? देव प्रीती आहे, वगैरे?

"मलाही कधीकधी वाटते त्याची भीती," हे म्हणाले.

"यू ऑल्सो?"

"मी ऑल्सो."

ती बाहेर आली आणि ह्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. म्हणाली, मग ही भीती कुणाला सांगायची? हे म्हणाले, त्यालाच. तर तिने लगेच हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि आम्हाला कुणाला न विचारता प्रार्थना सुरू केली.

"डिअर गॉड, अंकल इज नॉट अँग्री. सो यू ऑल्सो डोन्ट बी अँग्री. बेअर्स निघाली असतील तर प्लीज कॉल देम बॅक. यल्ला, आमेन."

मोठमोठ्या सभांना मी आमेन ओठांतल्या ओठांत पुटपुटते, सवयच आहे तशी. त्या दिवशी असा मोठ्याने म्हटला की हे दचकून माझ्याकडे बघायला लागले.