कुठली अरबी?

"कुठली अरबी?" समोरच्याने अरबीतला कागद किंवा फोन पुढे केला, की चाचा टोपी मागे सारून आधी हे विचारायचे. समोरचा गोंधळायचा. आपण तर एकच अरबी ऐकलेली!

महाडला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बाहेरच्या बाकावर चाचा बसत. आयुष्याची उमेदीची वर्षं आखातात एका शेठच्या घरी स्वयंपाकी म्हणून काढून ते गावी परतले होते. ज्यांची मुलं तिकडे आहेत असे लोक अरबी कागद वाचून घ्यायला, फोनवर बोलून घ्यायला पार पोलादपूरपासून त्यांना शोधत यायचे.

मीही एकदा चेष्टा केली. "चाचा, शाळेत आम्हाला अरबी म्हणजे समुद्र शिकवला, आणि लग्नात अरबी म्हणजे नवरदेवाचा घोडा. तुमच्याकडे आणखी किती?"

"एक मशिदीतली. ती वाचता येते, समजत नाय. दुसरी किचनातली. ती समजते, लिवता येत नाय. तिसरी बातम्यांतली. ती ऐकली का वाटतं, मी तिकडं कधी गेलोच नव्हतो." मग जरा थांबून म्हणाले, "आन प्रत्येक मुलखाची परत येगळी. सगळ्यांना नाव मात्र एकच."

अक्षरांचा मान मात्र ते सरसकट ठेवत. तिकडून आलेली, अरबी अक्षरं छापलेली साबणाची रिकामी पिशवी मी केरात टाकली, तर त्यांनी ती उचलून, झटकून माझ्या फळीवर ठेवली. मी म्हटलं, "अहो, साबण आहे तो." म्हणाले, "अक्षर तेच हाय ना?" ती पिशवी कित्येक महिने माझ्या फळीवर होती. गिऱ्हाइकं विचारायची, साबण पण ठेवता का?

शेठच्या घरातले किस्से सांगताना एक गोष्ट ते फार अभिमानाने सांगायचे. "शेठला 'समजलं नाय' असं म्हणायचं नसतं. 'हादिर' म्हणायचं, म्हंजे आपलं हजर. मंग किचनात जायचं, आन काय सांगितलंन त्याचा विचार करायचा." एकदा त्यांनी असंच हादिर म्हणून पाहुण्यांसाठी भलताच बकरा कापला होता. ते ऐकून आम्ही पोट धरून हसलो होतो.

चाचांच्या गावात एक विधवा बाई होती. तिचा एकुलता मुलगा आखातात पाण्याचा टँकर चालवायचा. तो अपघातात गेला. कंपनीचा माणूस बोलणार म्हणून चाचा तिला घेऊन माझ्या दुकानात आले, कारण गावात रेंज मिळत नव्हती. बाई रडत नव्हती. तिने एवढंच सांगितलं, "त्यांना सांगा, पोराला घरी पाठवा. बापाच्या बाजूला जागा राखून ठेवलीय मी."

फोन आला. चाचांनी तिकडच्या रीतीप्रमाणे सलाम केला, तब्येत विचारली, घरच्यांची खुशाली विचारली. मग बाईचं म्हणणं सांगितलं. पलीकडचा माणूस भराभरा बोलायला लागला. तो दुसऱ्याच मुलखाचा होता, हे मला चाचांच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळलं. त्यांची पाठ ताठ झाली, मान झुकली. शेठसमोर उभं राहावं तसे ते उभे राहिले आणि म्हणाले, "हादिर." मग पुन्हा, "हादिर, हादिर."

फोन ठेवून ते म्हणाले, "पाठवतायत, भाभी."

मुंबईला विमानतळावर जायला जीप ठरली. नातेवाईक गोळा झाले. आणि तिकडे मुलाच्या खोलीत राहणाऱ्या पोलादपूरकडच्या पोराचा फोन आला. "काल इथंच दफन केलं. कंपनीनं विचारलंन, घरच्यांची हरकत नाय ना? तुमच्याकडनं हो आलं ना?"

लोक बाईला समजावू लागले, की अरबाची पाक माती लाभली, पोरगा नशीबवान. ती म्हणाली, "माती इथंपन हाय."

चाचा तिच्या दारी गेले. एकट्याने जायचा धीर नव्हता म्हणून मला सोबत नेलं. पायरीखाली उभे राहून म्हणाले, "त्यानं काय विचारलंन ते मला समजलं नव्हतं, भाभी. मी हादिर म्हटलं."

"मंग परत विचारायचं," ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

त्यानंतर कुणी आलं, की चाचा म्हणत, "मला येत नाय अरबी." हळूहळू बाकावर बसणंही सुटलं. एकदा नमाजाहून परतताना भेटले, तेव्हा स्वतःहून म्हणाले, "मशिदीतलीपन मला समजत नाय. पन तिथं ऐकणारा माझं चुकल्यालं समजून घेतो. फोनवरचा मानूस नाय घेत रे." माझे डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी चपलेचा पट्टा ओढत बसलो.

यंदा चाचा गेले. त्यांच्या गावचं कब्रस्तान कातळाच्या उतारावर आहे. दोन ठिकाणी खोदून पाहिलं, पहार उसळी मारून परत यायची. मऊ माती एकाच ठिकाणी होती, बाईच्या नवऱ्याच्या कबरीशेजारी. कुणीतरी म्हणालं, ती जागा आता रिकामीच राहणार, विचारून या. मीच गेलो.

बाई दारात उभी होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं.

"चाचांवर राग नाय माझा," ती म्हणाली. "त्यांना सांगा, दुसरीकडं खोदा. ती जागा भरल्याली हाय."

मी परत येऊन सांगितलं. कातळ फोडून फोडून कबर व्हायला दुपार टळून गेली, आणि तोवर चाचा कापडात गुंडाळलेले, उन्हात वाट बघत राहिले.