दुसरं कुठलं औषध चालू आहे का?

राजारामपुरीतल्या छातीच्या डॉक्टरांच्या खोलीत पेशंटसाठी एक लोखंडी स्टूल होतं आणि सोबत आलेल्यांसाठी दोन खुर्च्या. त्यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नाही. स्टुलावर सासूबाई बसल्या, एका खुर्चीवर नवरा आणि दुसरीवर सासूबाईंची पिशवी. मी भिंतीला टेकून उभी. खोकला माझा, संध्याकाळचा ताप माझा, एक्स-रेत डाव्या फुप्फुसावर दिसलेला डागही माझाच. पण डॉक्टरांनी आधी हात पुढं केला तो सासूबाईंची नाडी बघायला. त्यांनीही मनगट पुढं केलं. मग चूक लक्षात आली, सगळे हसले, मीही हसले. आज आठवलं की त्या हसण्याचाच जास्त राग येतो.

सासूबाईंना मी आत्ती म्हणायची, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. आमचं घर शिवाजी पेठेत. नवरा सरकारी कचेरीत कारकून, मी लग्नानंतर बी.एड.ला नाव घातलेलं. सत्तरच्या दशकाचा मधला काळ होता. सुनेनं कॉलेजात जाणं आत्तींना फारसं पटलं नव्हतं, पण मास्तरीण सून मिरवायला बरी, म्हणून त्यांनी चालवून घेतलं होतं. नातवंडाची मात्र त्यांना घाई झाली होती. माझ्यासाठी त्यांनी जोतिबाला नवस बोलला होता आणि रविवारचा उपास धरला होता.

त्या उपास करत होत्या आणि मी गोळ्या घेत होते. परीक्षा होऊन नोकरी लागेपर्यंत मूल नको, असं आम्ही नवराबायकोनं ठरवलं होतं. गोळ्या तोच आणायचा, स्टेशनाकडच्या एका दुकानातून, कारण पेठेतल्या दुकानदारानं त्या दिल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत तालमीपर्यंत बातमी पोचवली असती. पावडरच्या रिकाम्या डब्यात मी ते पाकीट ठेवायची. त्या वर्षांत गावातल्या भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले होते. सरकार रस्त्यावर ओरडून जे सांगत होतं, ते आमच्या घरात कुजबुजूनही बोलता येत नव्हतं.

तर त्या खोलीत डॉक्टरांनी क्षय असल्याचं सांगितलं. घाबरू नका म्हणाले, नवी औषधं आली आहेत, पूर्ण बरं वाटेल. लिहायला पेन उघडलं आणि आत्तींच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत विचारलं, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत आत्तींनी उत्तर दिलं. "कसलं औषध, डॉक्टरसाहेब? पोटात अन्न जाईना झालंय, औषध कुठनं जाणार? मी असतो की घरात दिवसभर. माझ्या नजरेआड काय घेत न्हाय ती."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. कॅलेंडरवर गाईचं चित्र होतं. ती गाय त्याला विकत घ्यायची असावी इतक्या बारकाईनं तो तिला न्याहाळत होता. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला सुरुवात केली. रोज एक इंजेक्शन, पांढऱ्या गोळ्या आणि एक नवी महागडी कॅप्सूल, सकाळी अनशापोटी घ्यायची. लघवी तांबडी होईल, त्याला भिऊ नका, असंही त्यांनी सांगितलं, अर्थात आत्तींना.

निघताना त्यांनी नवऱ्याला तेवढं मागं थांबवलं. काय बोलणं झालं ते त्यानं मला रिक्षापर्यंत चालताना सांगितलं, आत्ती पुढं होत्या तेव्हा. डॉक्टर म्हणाले होते, काळजी घ्या, इतक्यात मूल नको. हा म्हणाला होता, हो. काळजी म्हणजे नेमकं काय, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. दोन शिकलेले पुरुष बंद खोलीत बोलत होते, ऐकायला कुणी बाई नव्हती, तरी त्यांना तो एक शब्द उच्चारता आला नाही. "आपली गोळी चालूच हाय की," तो मला म्हणाला. आपली गोळी! जणू एक दिवस मी घेत होते आणि एक दिवस तो.

घरी आल्यावर आत्तींनी सगळं हातात घेतलं. गल्लीत सांगितलं, टायफॉईड उलटलाय. माझं ताट, वाटी, तांब्या वेगळा केला, पण कुणी आलं की लगेच सगळ्यांच्या भांड्यांत मिसळून टाकायच्या, शंका यायला नको म्हणून. रोज दोन अंडी, आणि मटण शिजलं की आधी अळणी रस्सा माझ्यासाठी काढून ठेवायचा. पहाटे उठून त्या माझ्या उशाशी यायच्या, कॅप्सूल हातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत उभ्या राहायच्या. माझ्या आईनंही माझं एवढं केलं नव्हतं. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे म्हणून लिहिते. वाईट सासू असती तर या गोष्टीचा निकाल लावणं फार सोपं झालं असतं.

पहाटे त्यांच्या हातची कॅप्सूल आणि निजताना पावडरच्या डब्यातली गोळी. दोन्ही मी नेमानं घेतली, एकदाही चुकवली नाही. औषध वेळेवर घेतलं नाही म्हणून लोकांचा घात होतो. माझा वेळेवर घेतल्यानं झाला.

दुसऱ्या महिन्यात मला अधूनमधून डाग दिसायला लागले. गोळ्या सुरू केल्यापासून माझी पाळी घड्याळ लावल्यासारखी येत होती, आणि आता काही ताळतंत्र उरलं नव्हतं. आमच्याकडं अजून बाजूला बसायची रीत होती, त्यामुळं ही गोष्ट घरात लपणारी नव्हती. स्वयंपाक आत्तींच्या अंगावर पडायचा. "आत्ता तर झालीस की बाजूला," त्या वैतागून म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, डॉक्टरांना विचारूया का. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जणू भर चौकात लुगडं फेडायची परवानगी मागितली होती. असलं बाप्या माणसाला विचारतात व्हय, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. छातीच्या डॉक्टरला छातीखालचं काही सांगायचं नाही, असं आमच्या घरचं वैद्यकशास्त्र होतं. तपासणीला गेलो की स्टुलावर त्याच बसायच्या. माझा खोकला किती कमी झाला, मला भूक कशी लागते, झोप कशी लागते, सगळं त्याच सांगायच्या. माझ्या कानात सारखं गुणगुणायला लागलं होतं, तेही त्यांनीच सांगितलं, आणि अशक्तपणानं असेल असं निदानही त्यांनीच केलं.

मळमळायला लागलं तेव्हा मला वाटलं औषधांनी होतंय. वजन वाढलं तेव्हा वाटलं अंडी अंगी लागली. गोळी घेत असताना दिवस राहतील अशी शंका कशाला येईल? शेवटी ओळखलं ते आत्तींनीच, न्हाणीतून बाहेर येताना मला बघून. त्यांनी तिथल्या तिथं माझी अलाबला घेतली आणि डोळ्यांना पदर लावला. जोतिबा पावला होता. गल्लीत पेढे वाटले. टायफॉईडमधून उठलेल्या सुनेला दिवस गेले, म्हणून बायका मला बघायला आल्या आणि मी परीक्षेचं पुस्तक उशीखाली सारून त्यांना नमस्कार करत बसले.

डॉक्टर नवऱ्यावर चिडले. मी सांगितलं होतं ना, म्हणाले. नवरा गाईकडं बघायला लागला. नवं वर्ष लागलं होतं, पण कॅलेंडर बदललं नव्हतं. पुढची इंजेक्शनं त्यांनी बंद केली. मूल पाडायचं का, असं मी त्या खोलीत पहिल्यांदाच माझ्या तोंडानं विचारलं, आणि आत्तींनी कानांवर हात ठेवले. डॉक्टर म्हणाले, आता दिवस वर गेलेत, तुमच्या छातीला तेही झेपणार नाही. बघू.

माझा क्षय बरा झाला. परीक्षा बुडाली. मुलगी झाली, गोरी, बाळसेदार, आणि आत्ती सगळ्यांना सांगत सुटल्या की असलं शांत पोर पेठेत कुणाच्या घरी नाही.

शांत होतीच ती. चार-पाच महिन्यांची असताना पेठेतला फुटबॉलचा संघ कुठलीशी मोठी मॅच जिंकला. पोरं गुलाल उधळत, बोंबलत गल्लीत आली आणि आमच्या खिडकीखाली त्यांनी फटाक्यांची माळ लावली. मी स्वयंपाकघरात होते, माझ्या हातातलं भांडं पडलं. धावत आले तर मुलगी पाळण्यात डोळे मिटून गाढ झोपलेली, आणि आत्ती कौतुकानं दोरी हलवत होत्या. माळ अजून उडत होती. मी पाळण्याजवळ गेले आणि तिच्या कानाशी टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. "झोपू दे की तिला," आत्ती म्हणाल्या. मी वाजवतच राहिले, माझे तळहात लाल होईपर्यंत.

मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडं मी तिला एकटीच घेऊन गेले. नवऱ्याला रजा मिळत नव्हती, आत्तींना मी येऊ दिलं नाही. स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. इंजेक्शनं, कॅप्सूल, पावडरचा डबा, डाग, कानातली गुणगुण. पहिल्यांदाच कुणी मध्ये बोललं नाही. ते डॉक्टर म्हातारे होते, सावकाश बोलायचे. त्यांनी सांगितलं की ती नवी कॅप्सूल अंगात दुसऱ्या औषधांना फार वेळ टिकू देत नाही, हे आता कळायला लागलंय. गोळी मी गिळत होते, पण ती असून नसल्यासारखी झाली होती. डाग दिसत होते ते त्याचंच लक्षण. आणि पोटात मूल असताना ती इंजेक्शनं गेली की काही मुलांचे कान जातात. माझ्या कानातली गुणगुण कधीच थांबली होती. तिचं मात्र आता काही होण्यासारखं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही गोळीचं डॉक्टरांना सांगायला हवं होतं, बाई."

त्यांचं चुकलं नाही. पण तेव्हापासून हे वाक्य ज्यानं त्यानं मला ऐकवलं आहे, माझ्या भावानं, शेजारच्या नर्सनं, एकदा तर खुद्द नवऱ्यानं. सांगायला हवं होतं. कधी सांगायचं होतं? त्या खोलीत माझं नाव सांगायलासुद्धा मला जागा नव्हती. मी हा दोष घेतलेला नाही आणि घेणारही नाही.

त्या संध्याकाळी मी आत्तींना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला, तव्यावरची भाकरी करपली, तरी त्यांनी उलथली नाही. मग म्हणाल्या, "मला का न्हाय सांगितलंस?"

मी म्हटलं, "आत्ती, त्यांनी मला विचारलं होतं. तुम्हाला न्हवतं विचारलं."

त्यांनी करपलेली भाकरी तव्यावरून काढली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं की मी गरोदर असताना ग्रहणात विळीला हात लावला, म्हणून पोरगी बहिरी झाली. लोकांना ते लगेच पटलं. हळहळत यायचे आणि मला पुढच्या वेळी जपायला सांगून जायचे. आत्तींचा मला त्या वेळी जो संताप आला, तो त्या गेल्या तरी गेला नाही. पण मुलीचं सगळं त्यांनीच केलं, हेही तितकंच खरं. मरेपर्यंत तिच्याशी मोठमोठ्यानं बोलत राहिल्या, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. नवऱ्याला मी कधी मोठ्यानं काही बोलले नाही. आत्तींनी निदान तोंड उघडलं होतं. त्याला सगळं माहीत होतं आणि तो गाय बघत बसला. त्याच्याबरोबर मी संसार केला, पण त्या खोलीनंतर त्याच्यावर विसंबून राहिले नाही.

बी.एड. पुढं मी पूर्ण केलं. मुलीला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत घातलं. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती, सुरेख अक्षर काढायची. पोटात वरचेवर दुखतं म्हणून तिला राजारामपुरीतच एका नव्या तरुण डॉक्टरांकडं नेलं. मुलगी ऐकत नाही कळल्यावर ते माझ्याशीच बोलायला लागले. मीही खुर्ची पुढं ओढून उत्तरं द्यायला लागले, दुखतं कधी, किती वेळ, जेवण कसं आहे. मग त्यांनी विचारलं, हिला दुसरं कुठलं औषध चालू आहे का?

"काही नाही," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पुढचंही आलं होतं, मी असते की घरात.

 मी डॉक्टरांकडून कागद आणि पेन मागून घेतलं, प्रश्न लिहिला आणि मुलीपुढं ठेवला. तिनं वाचला. पेन हातात घेतलं, पण लिहीना. डॉक्टरांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि बघतच राहिली. डॉक्टर मला म्हणाले, तुम्हीच सांगा ना, ती लाजतीय.

मी दुसऱ्या खुर्चीवरची माझी पिशवी उचलली आणि बाहेर निघाले. दार ओढून घेताना मागं बघितलं, तर ती लिहायला लागली होती.