जादा खोली

"बाथरूमचं दार माझ्या उशाशी उघडणार असेल तर मला त्या घरात नेऊच नका," सासूबाई म्हणाल्या. "इथेच ठेवा. घरमालकाला सांगा, भाडेकरू गेले, म्हातारी तेवढी राहिली."

"आजी, उशाशी कुठे, पायाशी आहे दार," नातू म्हणाला.

"मी डोकं कुठे करायचं ते आता तू ठरवणार?"

"मग दार आमच्याच बाजूला असू दे ना," नातसून म्हणाली. "तुम्हाला त्रास नको."

"आलीस मुद्द्यावर. म्हणजे बाथरूम तुमचं आणि मी जायचं शेजारी."

"माझं काही म्हणणं नाही," घरधनी म्हणाले. "स्कूटर तेवढी आत आली पाहिजे." प्लॉट घेतल्यापासून त्यांचं काही म्हणणं नव्हतं आणि हे एवढंच म्हणणं होतं.

जेवणाच्या टेबलावर सुधारून आलेला नकाशा पसरला होता. त्याच्या कोपऱ्यांवर मिठाची बरणी, टीव्हीचा रिमोट, सासूबाईंचा चष्म्याचा डबा आणि घरधन्यांचा हात, अशी वजनं होती. फ्रिज आणि दार यांच्यामधल्या जागेत घरची बाई, म्हणजे नातवाची आई, मशीनवर एका शर्टाच्या बाह्या आखूड करत होती. फ्रिज उघडायचा झाला की तिला स्टुलासकट पुढे सरकावं लागे. त्या भांडणात थंड पाणी बरंच लागलं, त्यामुळे ती बऱ्याचदा सरकली.

गल्लीत तिला फिटिंगबाई म्हणत. दुकानात कपडे तीन-चार मापांत येत आणि माणसं उरलेल्या सगळ्या मापांत, त्यामुळे तिला कामाची ददात कधी पडली नाही. ददात होती ती जागेची. लग्नात आलेलं मशीन आधी सासऱ्यांच्या खाटेशी होतं. सासऱ्यांना आवाज सहन होईना म्हणून ते गॅलरीत गेलं, तिथे कपडे वाळत घालायची पंचाईत झाली म्हणून दाराआड आलं आणि शेवटी फ्रिजपाशी टेकलं. गिऱ्हाईकं पँट घालून बघायला बाथरूममध्ये जात. आत घरधनी आंघोळ करत असले तर पँट हातात घेऊन बाहेर उभी राहत आणि तेवढ्या वेळात सासूबाई त्यांना पगार विचारून घेत.

मशीन चालू असलं की घरातलं निम्मं बोलणं तिला ऐकू येत नसे. ती काही बोलली नाही म्हणजे तिला मान्य आहे, असं धरायची घरात पद्धत पडली होती.

मूळ नकाशा त्यांनी तयारच घेतला होता. सिमेंटच्या दुकानावरच्या माडीवर एक नकाशावाला बसे. त्याच्याकडे छापील घरांचं जाडजूड पुस्तक होतं. बाकीच्यांना चौदा नंबरचं घर आवडलं ते पुढच्या दोन खांबांसाठी. फिटिंगबाईने मात्र खांब पाहिलेच नव्हते. पुढच्या दाराला लागून एक बेताची चौकोनी खोली होती. तिला स्वतःचं दार होतं, रुंद खिडकी होती आणि आत नुसतं लिहिलं होतं, 'जादा खोली'. फिटिंगबाईने मनातल्या मनात खिडकीखाली मशीन मांडलं, भिंतीला आरसा लावला, कोपऱ्यात पडदा सोडला आणि "हाच घेऊ" म्हणाली. कारण कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. खोली जादा आहे आणि घरात जागा नसलेलं माणूस एकच आहे, मग त्यात सांगायचं काय, असं तिला वाटलं.

"तुझं काय म्हणणं आहे?" घरधन्यांनी नकाशावरून मान न उचलता विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं होतं.

फिटिंगबाई उठली आणि टेबलापाशी आली. तिने नकाशावर पुढचं दार शोधलं, त्याच्या शेजारी बोट नेलं आणि तिथेच ठेवलं. बोटाखाली एक अरुंद पट्टी होती. तीत 'जादा' एवढंच लिहिलं होतं. 'खोली' हा शब्द मावला नसावा.

"इथली खोली कुठे गेली?"



"मी एक फूटच मागितला होता," मुलगा म्हणाला. "कपाटासाठी. जाता जाता नकाशावाल्याला सांगून आलो."

"आपलं बाथरूम त्याच्यातच आलं ना?" सुनेने नवऱ्याला विचारलं. "का ते वेगळं धरलं त्यांनी?"

"तू पण गेली होतीस?" त्याने विचारलं.

"मी त्याला फोन केला होता," सासूबाई म्हणाल्या. "खाट भिंतीला चिकटवून झोपलं की मला कोंडल्यासारखं होतं."

घरधन्यांनी नकाशावरचा हात काढला. कोपरा गुंडाळला गेला. "स्कूटरचं तर मी सगळ्यांसमोर बोलत आलोय," ते म्हणाले.

फिटिंगबाई मशीनवर परत गेली. राहिलेली बाही तिने पुरी केली आणि दोरा तोडला. "रविवारी ट्रायल घेऊ," ती म्हणाली.

ट्रायल घेतल्याशिवाय ती कोणाच्याही कपड्यावर शेवटची शिलाई मारत नसे. रविवारी सकाळी सगळे आपापलं सामान घेऊन मोकळ्या प्लॉटवर गेले. नकाशावाल्याने टेपचं एक टोक धरलं, तिने दुसरं, आणि चुन्याच्या फक्कीने जमिनीवर चौदा नंबरचं घर सुधारणांसकट आखलं गेलं.

"सगळ्यांनी एकाच खोलीतून कशी काय जागा काढली?" तिने आखता आखता विचारलं.

"त्यांनी नाही, मी काढली," नकाशावाला म्हणाला. कोणालाही नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "ज्या खोलीत कोणी राहत नाही तिच्यातून घेतो मी. भांडण होत नाही. तुमची काही सुधारणा असेल तर सांगा, होऊन जाईल."

मग सगळे आपापल्या खोलीत गेले. सासूबाई आपल्या खोलीत घडीची खुर्ची टाकून बसल्या आणि खोलीत वारा छान खेळतो म्हणाल्या. मुलगा आणि सून कपाट कुठल्या बाजूला उघडायचं यावर हळू आवाजात वाद घालू लागले. घरधन्यांनी स्कूटर आत आणली, स्टँडवर लावली आणि तिच्यावरच बसून राहिले.

फिटिंगबाई स्टूल घेऊन पट्टीत शिरली. स्टूल ठेवलं तर तिला उभं राहायला जागा उरेना. ती स्टुलावर बसली तर एक कोपर सासूबाईंच्या खोलीत जाऊ लागलं आणि दुसरं बाहेर रस्त्याकडे.

"कोपरं जरा आत घे," घरधनी स्कूटरवरून म्हणाले.

"कोपरं आत घेऊन बाह्या कशा कापू?"

"तू इथे मशीन ठेवणार होतीस?" मुलाने विचारलं. "बोलायचं ना, आई."

"तू जाता जाता सांगून आलास तेव्हा मला बोलला होतास?"

मुलगा कपाटाच्या खुणेकडे वळला.

"आई, हॉलच्या कोपऱ्यात ठेवा की," सून म्हणाली. "कोणी आलं की वरून चादर टाकायची. कळणारपण नाही."

फिटिंगबाईने हॉलकडे पाहिलं. तो घराच्या मधोमध लांबरुंद आखलेला होता आणि त्यात कोणीच उभं नव्हतं.

"ह्याच्यातून कोणी एक फूट घेतला नाही?"

"हॉलला कसा हात लावायचा?" घरधनी म्हणाले. "उद्या चार माणसं आली तर बसवायची कुठे?"

"कोण येतं आपल्याकडे?"

घरधनी विचार करू लागले. मुलानेही केला. कोणाचं नाव पुढे येईना.

"तुझी गिऱ्हाईकं," सासूबाई आपल्या खोलीतून म्हणाल्या. "दुसरं काळं कुत्रं फिरकत नाही."

फिटिंगबाईने स्टूल उचललं आणि पट्टीतून सरळ हॉलमध्ये पाऊल टाकलं.

"अगं, भिंत आहे तिथे," सासूबाई म्हणाल्या.

ती मागे गेली, दारातून बाहेर पडली, पुढच्या दाराने हॉलमध्ये आली आणि खिडकीची खूण होती तिथे स्टूल ठेवून बसली. दोन्ही कोपरं पसरून पाहिली. कोणाच्या खोलीत गेली नाहीत.

"हॉल शिलाईला," ती नकाशावाल्याला म्हणाली. "नकाशात तसं लिहा. ह्या कोपऱ्यात पडदा आणि त्या भिंतीला आरसा, माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल एवढा."

"होऊन जाईल," नकाशावाला म्हणाला.

"अगं, आणि पाहुणे?" घरधन्यांनी विचारलं.

"पाहुणे ज्याचे त्याने आपल्या खोलीत बसवायचे," ती म्हणाली. "खोल्या सगळ्यांनी मोठ्या करून घेतल्या आहेत."