भेडाघाटची हजेरी

जबलपूरच्या विज्ञान परिषदेसाठी नागपूर विद्यापीठाने मला प्रवासखर्च मंजूर केला, तेव्हा प्रयोगशाळेत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. अट एकच: हजर असल्याचा दाखला आणायचा, नाहीतर पैसे परत. मला मात्र ओढ होती परिषदेला येणाऱ्या कलकत्त्याच्या एका डॉक्टरसाहेबांना भेटायची. तांब्यावरच्या गंजाबद्दल माझे निष्कर्ष त्यांच्या पुस्तकाच्या उलट निघाले होते. त्यांनी मान डोलावल्याशिवाय माझे सर प्रबंधातलं ते प्रकरण वाचायलाही तयार नव्हते.

गोंदियाहून छोटी लाइनने (अरुंद रुळांची गाडी) हाडं खिळखिळी करून घेत जबलपूर गाठलं. युद्धाचे दिवस होते. स्टेशनच्या दिव्यांना काळे कागद, रस्त्यावर कारखान्याच्या पाळीला निघालेल्या सायकली. कांचघरला मैत्रिणीच्या मावशींकडे उतरले.

परिषदेत उद्घाटन आणि समारोप एकाच भाषणात उरकले. युद्धकाळातली काटकसर! निबंध वाचले गेले असं समजायचं ठरलं, दाखले संध्याकाळी हजेरी घेऊन मिळणार होते. तोवर मोठी मंडळी, डॉक्टरसाहेबांसकट, भेडाघाट बघायला पसार झाली.

मी तोंड पाडून घरी आले. मावशींनी खोए की जलेबी (खव्याची काळसर जिलबी) पुढे केली.

"काहून रडून राहिली? तुझे साहेब तिकडं, अन् तू इथं? चलो, उठ! बस भेटते."

भेडाघाटला दोन्ही बाजूंना पांढरेशुभ्र कडे, मधे हिरवी नर्मदा आणि सुटायच्या बेतात असलेल्या नावेत शेंगा सोलत डॉक्टरसाहेब. मी बेधडक चढले. नावाडी "देखिए, बंदरकूदनी!" (माकडं कड्यावरून कड्यावर उडी मारत ती जागा) असं ओरडत होता, मी गंजाबद्दल बोलत होते. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"पाणी कोणतं वापरलंत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"विहिरीचं."

"मी नळाचं. घाई केली मी. तुमच्या सरांना मीच कळवतो."

आनंदाने मी उभीच राहिले.

"बैठ जाओ दीदी, डूबना है क्या?" नावाडी खेकसला.

सभागृहात परतले तर हजेरी संपलेली.

"आप तो गैरहाजिर थीं," कारकून म्हणाला.

"और डॉक्टरसाहब? वे तो मेरी ही नाव में थे!"

"उनका हाजिर बोला गया."

पद्धतच होती तशी. मोठ्यांचं नाव पुकारलं की त्यांचे विद्यार्थी 'हाजिर' म्हणत. मला विद्यार्थी कुठून असणार?

नागपूरला प्रकरण मंजूर झालं, प्रवासखर्च नामंजूर. पैसे परत भरताना राग आला, चांगलाच आला. त्या दिवशी जबलपुरात विज्ञानावर बोललेली माणसं दोनच. त्यातले एक सभागृहात हजर होते, आणि दुसरी, विद्यापीठाच्या लेखी, नागपुरातून हललीच नव्हती.