अकरा दिवस बंद राहिलेली गोळी

आमच्या घरात आजही सगळे म्हणतात, आईची वाचा दवाखान्यानं घालवली. ते खरं नाही. ती मी घालवली.

आई म्हणजे माझ्या मुलांची आई, माझी बायको. तिच्या हृदयाची झडप बदललेली होती. रक्त गोठू नये म्हणून तिला रोज संध्याकाळी एक बारकी गोळी लागे. गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात. बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळलेलं. मला कुणी शिकवलेलं खपत नसे.

पित्ताशयातले खडे काढायचे ठरले, तेव्हा पाच दिवस आधी ती गोळी बंद करायला सांगितली. केली. ठरल्या दिवशी ती रात्रीपासून उपाशी, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, अशी आम्ही कमलनगरहून बिदरला पोचलो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिचा खोकला ऐकला, छाती तपासली आणि ऑपरेशन पुढं ढकललं. निघताना नर्सबाईंनी चिठ्ठीवर लाल शाईनं लिहून दिलं, वर तोंडानंही सांगितलं, "अप्पा, गोळी आजपासूनच चालू करा. परत बंद कधी करायची ते आम्ही सांगतो."

मी चालू केली नाही. चार दिवसांत पुन्हा बोलावतील, पुन्हा बंद करावी लागेल. त्यापेक्षा राहू दे, असं माझं मीच ठरवलं.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "ती बारकी गोळी दिसंना झाली. कामून?"

"डॉक्टरनंच सांगितलंय."

"व्हय? का तुम्हीच डॉक्टर झालाव?" म्हणून ती हसली.

सहाव्या दिवशी सकाळी तिच्या हातातून कपबशी सुटली. तोंड वाकडं झालं होतं. जीव वाचला, उजवा हात आणि वाचा गेली.

मुलानं दवाखान्यात त्याच नर्सबाईंना धरलं. "गोळी चालू करा म्हणून सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चिठ्ठी माझ्या खिशात होती. मी मान खाली घातली. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्या तिथं नव्हत्या.

बायको आणखी दोन वर्षं जगली. रोज संध्याकाळी मी तिच्या जिभेवर गोळी ठेवायचो. "अप्पांनी आईचं लई केलं," असं मुलगा कुणाला सांगायला लागला, की ती भिंतीकडं तोंड फिरवायची.

चिठ्ठी आजवर गोळ्यांच्या डब्यातच होती. लाल अक्षरं फिकी झालीत, पण वाचता येतात. आज ती हे सगळं लिहिलेल्या या कागदाला टाचली आहे. मुलगा रानातून आला की दोन्ही त्याच्या हातात देणार आहे.